ओटा बसला, पण नीट बसला नाही

स्वयंपाकघरातील ओट्याच्या बिघडलेल्या कामाविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी दोष दगडाला दिला आहे. प्रत्यक्षात तो दगडाखालच्या आधारात, कापण्याच्या पद्धतीत किंवा काम ठरवताना मोघम ठेवलेल्या बोलण्यात असतो, असे या पत्रांवरून दिसते. बांधकामाचा भाग आणि कायद्याचा भाग मी शक्यतो वेगळा ठेवला आहे, कारण पहिला नीट समजल्याशिवाय दुसऱ्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न : काळ्या ग्रॅनाइटचा नवा ओटा बसवून तीन आठवडे झाले. शेगडी ओट्यात बसवण्यासाठी जो चौकोन कापला आहे, त्याच्या एका कोपऱ्यापासून भिंतीपर्यंत बारीक रेघ दिसू लागली आहे. ठेकेदार आधी म्हणाला, ती दगडाची नैसर्गिक रेघ आहे; पुन्हा विचारल्यावर म्हणाला, तुमच्याकडून जड भांडे आपटले असेल. खरे काय ते कसे ओळखावे आणि पूर्ण लादी बदलून मागता येईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ठेकेदाराची दोन उत्तरे एकमेकांना छेद देणारी आहेत. रेघ नैसर्गिक असेल तर ती पहिल्या दिवसापासून तेथे असायला हवी होती, आणि भांडे आपटल्याने आली असेल तर ती नैसर्गिक नाही. तरीही वाद घालण्याआधी रेघेची परीक्षा करावी. तिच्यावरून नख आडवे फिरवून पाहावे. खनिजाची शीर पॉलिशखाली सपाट असते आणि नखाला लागत नाही, तडा मात्र बहुधा लागतो. नंतर तो भाग ओल्या फडक्याने चांगला भिजवावा, वरचे पाणी पुसून घ्यावे आणि पृष्ठभाग आपोआप वाळू द्यावा. तड्यात शिरलेले पाणी उशिरा वाळत असल्यामुळे आजूबाजूचा दगड कोरडा झाला तरी तड्याची रेघ काही काळ गडद राहते. सर्वांत निर्णायक परीक्षा कापलेल्या कडेवर होते. शेगडी उचलून बाजूला ठेवावी आणि उभ्या कापावर मोबाइलचा प्रकाश तिरपा टाकावा. तेथे लादीच्या जाडीतून खाली उतरणारी मोकळी फट दिसली, किंवा रेघेच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने अंगठ्याने दाबल्यावर किंचित हालचाल जाणवली, तर तो तडा आहे याविषयी शंका उरत नाही.

काही दगडांत नैसर्गिक भेगाही असतात आणि त्या नखाला लागू शकतात, ही गोष्ट ठेकेदाराच्या बाजूने सांगायला हवी. परंतु तशी भेग असलेली लादी नेमकी शेगडीच्या कापासाठी निवडणे हाच निष्काळजीपणा ठरतो, त्यामुळे त्या सबबीने त्याची जबाबदारी टळत नाही.

अशा तड्याचे नेहमीचे कारण सांगतो. आयताकृती कापाचा कोपरा टोकदार काटकोनात ठेवला की लादीवरचा ताण त्या बिंदूवर एकवटतो. त्यात कटरचे पाते गोल असते; लादी तळापर्यंत पूर्ण तुटावी म्हणून कारागीर पाते कोपऱ्याच्या थोडे पुढे नेतो आणि पृष्ठभागावर कोपऱ्यापलीकडे एक जास्तीचा काप राहतो. तडा सुरू होतो तो बहुतेक वेळा तेथूनच. योग्य पद्धत अशी, की चारही कोपऱ्यांवर आधी ड्रिलने गोल भोके पाडावीत आणि मग एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत सरळ काप घ्यावा, म्हणजे कोपऱ्याला निदान 10 मिमी त्रिज्येची गोलाई आपोआप मिळते. आपल्या कापाच्या उरलेल्या तीन कोपऱ्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. तेथेही जास्तीचे काप दिसले तर चौथ्या कोपऱ्याचे कारण वेगळे शोधावे लागणार नाही.

दुसरे कारण आधाराचे आहे. ओट्याची खोली साधारण 24 इंच असते आणि बसक्या शेगडीचा काप सुमारे 19 इंच खोल असतो, म्हणजे पुढची आणि मागची पट्टी मिळून जेमतेम 5 इंच दगड उरतो. 18 मिमी जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन दर चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरते; एवढे वजन वाहणाऱ्या लादीची ती दोन-अडीच इंचांची पट्टी हाच सर्वांत दुबळा भाग आहे. जुन्या पद्धतीच्या ओट्यात खाली कडप्प्याची आडवी लादी आणि उभे टेकू असत, त्यामुळे हा दुबळेपणा झाकला जाई. मॉड्युलर किचनमध्ये ट्रॉल्यांसाठी खालची जागा मोकळी ठेवतात आणि पट्टीखाली काहीच राहत नाही. तेथे प्लायचा सलग तक्ता किंवा लोखंडी अँगलची चौकट देणे आवश्यक असते. आपल्या ओट्याखाली ती आहे का, हे प्रथम पाहावे.

आता मागणी काय करावी? तडा फक्त मागच्या पट्टीत असेल आणि तो हलत नसेल, तर संपूर्ण लादी बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. खालून आधार देऊन, तड्यात पातळ इपॉक्सी (घट्ट चिकटणारी राळ) उतरवून आणि तळाच्या बाजूने खाच पाडून त्यात धातूची सळई इपॉक्सीत बसवून ही दुरुस्ती टिकाऊ होते; उरलेले कोपरेही त्याच वेळी घासून गोल करून घ्यावेत. तडा हलत असेल, पुढच्या पट्टीत असेल किंवा सिंकच्या दिशेने निघाला असेल, तर सांध्यापासून सांध्यापर्यंतचा तो तुकडा बदलूनच घ्यावा. दोन्ही बाबतींत खर्च ठेकेदाराचा आहे. मात्र कोणतीही दुरुस्ती करू देण्यापूर्वी रेघेशेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे आणि दाबल्यावर होणाऱ्या हालचालीची चित्रफीत घ्यावी, कारण काळा रंग मिसळलेले इपॉक्सी एकदा भरले की तड्याबरोबर पुरावाही दिसेनासा होतो.

प्रश्न : सिंकजवळ पाणी सांडले की ते सिंककडे न जाता मागे भिंतीशी साचते. ग्रॅनाइट बसवणारा म्हणतो की थोडे पुसून घ्यावेच लागते. हा दोष मानावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पुसावे लागणे हा दोष नाही, पाणी भिंतीशी साचणे हा आहे. गवंडीकामाच्या ओट्याला सिंककडे नाममात्र उतार देतात, तर मॉड्युलर ओटा सपाट पातळीत बसवतात. भिंतीच्या बाजूला उतार मात्र दोन्ही पद्धतींत चुकीचाच, कारण त्या बाजूला सांधा असतो आणि पाणी तेथून आत उतरते. लांब पाणसळ ओट्यावर आडवी आणि उभी ठेवून पाहावी. सुमारे दीड मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी ओट्यावर टेकवली असता तिच्याखाली 2 मिमीपेक्षा जास्त फट राहिली, तर मी ते काम नापास करतो. याबरोबरच बोटाच्या पेराने सगळ्या ओट्यावर टकटक करून पाहावे. पोकळ आवाज येणाऱ्या जागी खाली कप्प्याचा किंवा मसाल्याचा आधार नाही आणि लादी बहुधा दगडाच्या चिपांवर टेकलेली आहे.

मूळ चूक ओट्याच्या आधी झालेली असते. खालचे कप्पे किंवा टेकू पातळीत नसतात, भिंत गुण्यात (काटकोनात) नसते, आणि कारागीर ते सुधारण्याऐवजी चिपा घालून वेळ मारून नेतो. दुरुस्तीसाठी सिंक सोडवून, भिंतीशी असलेला सांधा कापून लादी उचलावी लागते आणि उचलताना ती तुटण्याची शक्यता खरी असते. म्हणून तुटल्यास नवी लादी कोण देणार, हे उचलण्यापूर्वी लेखी ठरवावे. फरक 2-3 मिमीचा असेल आणि भिंतीशी सांधा नीट बंद असेल, तर एवढा धोका पत्करण्यात शहाणपण नाही. त्याबद्दल बिलात सूट मागून विषय संपवावा. काही ठेकेदार अशा वेळी पुढच्या काठाला उंच पट्टी लावून देण्याचा उपाय सुचवतात. त्याने पाणी अंगावर येत नाही इतकेच. मागे साचणारे पाणी साचतच राहते.

प्रश्न : सिंकखालच्या कपाटाचे प्लाय सहा महिन्यांत फुगले. सुतार म्हणतो ग्रॅनाइटवाल्याने सांधे नीट भरले नाहीत, ग्रॅनाइटवाला म्हणतो प्लाय हलक्या दर्जाचे आहे, आणि नळकाम करणारा दोघांनाही दोष देतो. दाद कोणाकडे मागावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तिघांचे बोलणे बाजूला ठेवून पाणी कोठून येते ते आधी शोधावे. कपाट रिकामे करून दोन दिवस कोरडे ठेवावे आणि तळाशी टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्राचा कोरा कागद पसरावा. पहिल्या दिवशी सिंकच्या जाळीला बूच लावून ते अर्धे भरावे आणि तासभर तसेच ठेवावे. कागद भिजला तर दोष जाळीच्या बैठकीत किंवा सिंकच्या काठाच्या सांध्यात आहे. मग बूच काढून पाणी एकदम सोडावे. तेव्हाच ओल दिसली तर दोष नळकामाचा आहे. दुसऱ्या दिवशी सिंक कोरडे ठेवून भिंत आणि ओटा यांच्या सांध्यावर हळूहळू तांब्याभर पाणी ओतावे. एका वेळी एकच गोष्ट तपासावी, नाहीतर तिघेही पुन्हा मोकळे सुटतील.

माझा अंदाज भिंतीच्या सांध्यावर आहे, कारण आपल्याकडे तो अजूनही व्हाइट सिमेंटने भरण्याची सवय आहे. व्हाइट सिमेंट वाळताना आकसते आणि लाकडी कपाटांवर बसलेला ओटा किंचित हलत असल्यामुळे काही महिन्यांत त्यात केसासारखी फट पडते. हा सांधा लवचीक सिलिकॉननेच भरला पाहिजे, तेही बुरशीरोधक आणि न्यूट्रल प्रकारच्या. भरताना व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन नैसर्गिक दगडाजवळ वापरू नये, कारण त्यातून सुटणाऱ्या आम्लाने कडप्पा, कोटा आणि संगमरवर यांसारख्या चुनखडीयुक्त दगडांवर डाग पडू शकतात.

कपाटात वाकलाच आहात तर सिंक कशावर टांगले आहे तेही पाहून घ्यावे. ओट्याखालून लावलेले 24 बाय 18 इंचांचे आणि 9 इंच खोल सिंक काठोकाठ भरले तर त्यात साठ लिटरहून अधिक पाणी मावते, म्हणजे साठ किलोंहून अधिक भार झाला. एवढा भार केवळ चिकटवणीवर सोडणे म्हणजे ते कधीतरी खाली येण्याची व्यवस्था करून ठेवणे होय. सिंकखाली धातूचे ब्रॅकेट किंवा चौकट हवीच.

प्लायविषयी म्हणाल तर प्रत्येक तक्त्यावर छाप असतो. आयएस 710 हा मरीन प्लायचा मानक क्रमांक आहे आणि आयएस 303 हा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा. ठरलेले 710 होते आणि लावलेले 303 निघाले, तर सुतारही जबाबदार आहे. दोघांचा दोष सिद्ध होणे शक्य आहे आणि तसे बरेचदा होते. संपूर्ण काम एकाच ठेकेदाराकडे दिले असेल तर मात्र आपला संबंध फक्त त्याच्याशी आहे. सुतार आणि ग्रॅनाइटवाला यांच्यात त्याने खर्च कसा वाटून घ्यावा, हा त्याचा प्रश्न आहे.

प्रश्न : 'शंभर टक्के काळे ग्रॅनाइट' म्हणून घेतलेल्या ओट्यावर लिंबू चिरतो त्या जागी राखाडी, निस्तेज डाग पडले आहेत. पुन्हा पॉलिश करून जातील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : खऱ्या काळ्या ग्रॅनाइटवर लिंबाच्या रसाने असा डाग पडत नाही. डाग पडला याचा अर्थ एक तर दगड चुनखडीच्या जातीचा, म्हणजे पॉलिश केलेल्या कडप्प्यासारखा आहे, किंवा राखाडी दगडाला रसायनाने काळा रंग देऊन तो विकलेला आहे. दुसरा प्रकार बाजारात सर्रास चालतो.

परीक्षेसाठी ओटा खराब करण्याची गरज नाही. सिंकसाठी कापून निघालेला तुकडा घरात किंवा इमारतीच्या गच्चीवर पडलेला असेल तर तो शोधावा. त्याचे पैसे आपणच दिलेले असतात आणि वादात त्याच्याइतका चांगला साक्षीदार मिळत नाही. त्याच्या पॉलिश केलेल्या बाजूवर ॲसिटोनमध्ये भिजवलेला पांढरा कापूस मिनिटभर जोर देऊन घासावा. नखांचा रंग काढण्याचे द्रावण घेतले तर त्यात ॲसिटोन आहे का आणि ते रंगहीन आहे का, हे पाहून घ्यावे. कापसावर काळपट रंग उतरला तर दगड रंगवलेला आहे. त्यानंतर तुकड्याच्या कोपऱ्यावर लिंबाचा रस अर्धा तास ठेवून धुवावा. तेथे चमक जाऊन खरखरीतपणा आला तर दगड चुनखडीचा आहे.

एका गोष्टीत फसगत होते. कापलेली कड राखाडी दिसते म्हणून अनेक जण दगड खोटा ठरवतात, परंतु पॉलिश नसलेली कोणतीही काळी लादी राखाडीच दिसते. कड पाण्याने भिजवून पाहावी. अस्सल काळा दगड ओला झाल्यावर गडद काळा होतो, रंगवलेल्याच्या कडेवर मात्र गाभा राखाडी आणि वरचा थर तेवढा काळा असा फरक राहतो.

रंगवलेल्या दगडाला पुन्हा पॉलिश केल्याने रंगाचा उरलेला थरही निघून जाईल आणि डाग अधिक पसरेल, म्हणून तो मार्ग घेऊ नये. हा बसवण्याच्या कामातला दोष नसून मालातला दोष आहे, त्यामुळे तक्रार ज्याने माल विकला त्याच्याविरुद्ध करावी. दगड आपण स्वतः दुकानातून आणला आणि कारागिराने फक्त बसवला असेल, तर त्याला यात ओढू नये. बिलावर 'काळा दगड' एवढेच लिहिले आहे की 'ग्रॅनाइट' हा शब्द आहे, हे मात्र आधी पाहावे.

प्रश्न : ओट्याचे क्षेत्र 22 चौरस फूट भरते, बिल मात्र 31 चौरस फुटांचे आले आहे. ही फसवणूक आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तेवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. दगड लादीच्या मापाने विकला जातो, ओट्याच्या मापाने नव्हे, आणि सिंकचा व शेगडीचा काप वजा न करण्याची बाजारात रीत आहे. काठाची गोलाई आणि पॉलिश रनिंग फुटांवर वेगळे लावतात. प्रश्न इतकाच, की हे आपल्याला आधी सांगितले होते का. पूर्ण लादीचे पैसे घेतले असतील तर उरलेले तुकडे आपले आहेत. ते मागून घ्यावेत. त्यांतून खिडकीची चौकट किंवा न्हाणीघराचा उंबरठा होतो. तुकडे न्यायचे नसतील तर त्यांची किंमत बिलातून वजा करायला सांगावी.

प्रश्न : नव्या सदनिकेचा ताबा घेऊन दीड वर्ष झाले. बिल्डरने दिलेल्या ओट्याचा सांधा उघडला असून एक लादी खचली आहे. बिल्डरचा माणूस म्हणतो की ओट्याची हमी एकच वर्ष असते. आम्ही आमच्या खर्चाने तो तोडून नवा बसवावा का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : तोडू नये, निदान आत्ता तरी नाही. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, 2016 म्हणजे ज्याला आपण रेरा म्हणतो, त्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेतील दोष किंवा कारागिरी, दर्जा आणि सेवा यांतील दोष निदर्शनास आणून दिल्यास प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो 30 दिवसांच्या आत आणि कोणताही जादा आकार न घेता दूर करायचा असतो. तसे न केल्यास खरेदीदाराला भरपाई मागता येते. खचलेली लादी कारागिरीतील दोषातच मोडते. एक वर्षाची हमी बिल्डरच्या माणसाने तोंडी सांगितली काय किंवा करारात छापलेली असली काय, कायद्याने दिलेली पाच वर्षे त्याने कमी होत नाहीत.

तक्रार लेखी द्यावी. तीत ताब्याची तारीख, दोषाचे वर्णन आणि छायाचित्रे असावीत. तीस दिवस उलटले आणि काही झाले नाही, तर गोव्यात गोवा रेराकडे आणि महाराष्ट्रात महारेराकडे जाता येते. अट एवढीच, की ओटा बिल्डरने दिलेला असावा आणि आपण त्यात फेरफार केलेला नसावा. महाराष्ट्रातील विक्रीकराराच्या नमुन्यात तर असे स्पष्टच लिहिलेले असते, की प्रवर्तकाच्या लेखी संमतीशिवाय स्वयंपाकघर किंवा न्हाणीघरात पाणी झिरपेल असे बदल केल्यास दोषदायित्व संपुष्टात येते. आपल्या करारात तसे कलम आहे का ते वाचावे. घाईने तोडलेल्या ओट्याविषयी पुढे बिल्डरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो.

प्रश्न : ठेकेदाराला पूर्ण पैसे दिले. काठाचे पॉलिश अर्धवट आहे, दोन लाद्यांच्या सांध्यात नाणे जाईल एवढी फट आहे आणि आता तो फोन उचलत नाही. पक्के बिल नाही, पैसे यूपीआयने दिले आहेत. दुसऱ्या कारागिराकडून काम करून घेऊन त्याचे पैसे पहिल्याकडून वसूल करता येतील का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : येतील, परंतु क्रम चुकवू नये. पहिल्याला दोष सुधारण्याची लेखी संधी देणे, ती त्याने घेतली नाही हे दाखवता येणे आणि मगच दुसऱ्याकडून काम करून घेणे, या क्रमाने गेल्यास आपली बाजू मजबूत राहते. फोनवरचे बोलणे येथे उपयोगी पडत नाही. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवावाच, शिवाय साध्या मराठीत एक पत्र स्पीड पोस्टने पाठवून पोच जपावी. पत्रात काम कधी ठरले, किती पैसे कोणत्या तारखांना दिले, कोणते दोष आहेत आणि ते पंधरा दिवसांत दूर करावेत, एवढेच असावे. संताप, धमकी आणि त्याच्या इतर गिऱ्हाइकांच्या गोष्टी त्यात घालू नयेत.

त्या पंधरा दिवसांत दुसऱ्या एखाद्या अनुभवी कारागिराकडून किंवा शक्य असल्यास स्थापत्य अभियंत्याकडून कामाची पाहणी करून घ्यावी आणि दोषांची मापे व दुरुस्तीचा अंदाजे खर्च सहीनिशी लिहून घ्यावा. 'काम वाईट आहे' असे लिहून आणण्यात अर्थ नाही. 'दोन लाद्यांमधील सांधा 3 मिमी रुंद असून एक लादी दुसरीपेक्षा 2 मिमी वर आहे' असे लिहिलेले हवे. चांगल्या कामात हा सांधा 1 ते दीड मिमीच्या आत असतो, दगडाच्या रंगाच्या इपॉक्सीने भरलेला असतो आणि त्यावरून नख फिरवले तर पायरी जाणवत नाही. आपल्या ओट्यातील पॉलिश आणि सांधा या दोन्ही गोष्टी जागेवर सुधारता येण्याजोग्या आहेत, त्यामुळे मागणी दुरुस्तीच्या खर्चाची करावी. नव्या ओट्याची मागणी टिकणार नाही.

मुदत संपल्यावर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथून आदेश मिळत नाही, पण व्यवसायाचे नाव असलेले ठेकेदार कधी कधी एवढ्यानेही जागे होतात. पुढचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार अशा कामात झालेली हयगय ही सेवेतील त्रुटी ठरते. दिलेला मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तक्रारीला शुल्क नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते, म्हणून ठेकेदार दुसऱ्या गावचा असला तरी आपल्याला तेथे हेलपाटे घालावे लागत नाहीत. तक्रार ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या करता येते आणि वकील देणे सक्तीचे नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. 'पुढच्या आठवड्यात येतो' या आश्वासनांवर ती निघून जाऊ देऊ नये.

पक्के बिल नसणे ही अडचण आहे, पण त्याने दावा संपत नाही. यूपीआयच्या नोंदी, दर ठरवतानाचे संदेश, त्याने पाठवलेली मापे आणि काम चालू असतानाची छायाचित्रे यांवरून व्यवहार सिद्ध करता येतो. तो मोबाइल विकू किंवा बदलू नये आणि संदेश खोडू नयेत. दुरुस्तीच्या वेळी काढलेले तुकडे आणि नव्या कारागिराचे बिल जपून ठेवावे. मानसिक त्रासापोटी लाखो रुपये मागण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. पंचवीस हजारांच्या दुरुस्तीसाठी पाच लाख मागणाऱ्या तक्रारीकडे आयोग गांभीर्याने पाहत नाही, असे माझे मत आहे. आयोग दोन्ही पक्षांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवू शकतो, आणि एवढ्या रकमेच्या वादात ती संधी नाकारू नये.

पुढील कामासाठी सांगतो : निदान दहा टक्के रक्कम काम संपल्यावर पंधरा दिवस राखून ठेवण्याची अट सुरुवातीलाच घालावी. ज्या कारागिराला ही अट मान्य नाही, त्याच्या कामाविषयी त्याचे स्वतःचे मत काय आहे ते आपल्याला आयतेच कळते.

प्रश्न : पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्यावर कुकर ठेवल्याने पिवळे वर्तुळ उमटले. विक्रेता नुकसानभरपाई नाकारतो. शिवाय नवा तुकडा बसवायचा झाल्यास तो घरातच कापावा लागेल, असे म्हणतो. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : पहिल्या बाबतीत विक्रेत्याचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. हा कृत्रिम दगड क्वार्ट्झची भुकटी राळेत घट्ट दाबून तयार करतात. भुकटीचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असले तरी उष्णतेने पिवळी पडते ती राळ. ग्रॅनाइटवर चालणारी सवय येथे चालत नाही, कुकर नेहमी लाकडी किंवा धातूच्या तिवईवर ठेवावा लागतो. विक्रीच्या वेळी 'गरम भांडे ठेवले तरी काही होत नाही' असे लेखी किंवा संदेशात सांगितले असेल, तरच दावा उभा राहतो. हमीपत्रात उष्णतेविषयीची अट बहुधा छापलेली असते, ती आधी वाचावी.

दुसऱ्या बाबतीत विक्रेत्याला साफ नकार द्यावा. क्वार्ट्झ कोरडे कापताना उडणारी धूळ अतिसूक्ष्म सिलिकाची असते आणि ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. ऑस्ट्रेलियात हे ओटे कापणाऱ्या कामगारांत हा आजार इतका आढळला, की 1 जुलै 2024 पासून त्या देशाने असा कृत्रिम दगड बनवणे, पुरवणे आणि बसवणे यांवर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असते, प्रमाण तुलनेने बरेच कमी असले तरी. म्हणून मापे घरी घ्यावीत, सिंक आणि शेगडीचे सगळे काप कारखान्यात पाण्याच्या धारेखाली घ्यावेत, आणि घरी नळाच्या भोकाएवढे किरकोळ काम उरलेच तर तेही पाणी सोडत आणि कारागिराच्या तोंडावर योग्य श्वसनमुखवटा असतानाच करू द्यावे. रुमाल बांधून भागत नाही. मुखवट्याचे पैसे कारागीर मागेल तर ते आपण द्यावेत.